तांबोळी मशिदीसमोरची शिट्टी

“शिट्टी झालीच नव्हती, शिरपा,” दस्तगीर मास्तर जाळीपलीकडून म्हणाले. “झाली असती तर मी थांबलो नसतो का?”

तुरुंगाच्या मुलाखतीच्या खोलीत नुसता गलका होता. जाळीच्या अलीकडं घरची माणसं, पलीकडं कैदी, मधे हातभर मोकळी जागा, आणि जो तो आपलंच ओरडून सांगतोय. माझ्या शेजारी मास्तरांच्या बायको, जैनबभाभी, पदराचं टोक दातात धरून उभ्या होत्या. मी जाळीला तोंड लावलं.

“मास्तर, मी स्वतः ऐकली ना शिट्टी! सगळ्यांनी ऐकली. आम्ही सगळे थांबलो. तुम्हीच थांबला नाही.”

मास्तर माझ्या तोंडाकडं बघत राहिले. मग मान हलवून म्हणाले, “आपण सगळेच वाजवत होतो की रे.”

मला रागच आला. एवढ्या लांबून एस.टी.नं धक्के खात यायचं आणि या माणसानं तोंडावर खोटं बोलायचं! भाभींकडं बघितलं तर त्या खाली बघत होत्या.

मी श्रीपती आवघडे. त्या काळी पंचायत समितीत शिपाई होतो आणि लग्नसराईत, सणासुदीला मास्तरांच्या बँडात मोठा ढोल वाजवायचो. आमचा आजा हलगी वाजवायचा, बाप हलगी वाजवायचा. मला मॅट्रिकपर्यंत शिकवलं ते हलगी सुटावी म्हणून, तर मी ढोल गळ्यात घातला. मास्तर क्लॅरोनेट वाजवत सगळ्यांच्या पुढं चालायचे. पंचक्रोशीत कुणाचंही लग्न असो, मुलीची पाठवणी त्यांच्या क्लॅरोनेटशिवाय व्हायची नाही. मुसलमानाची असो, मराठ्याची असो, जैनाची असो, मास्तरांनी सूर लावला की नवरीच्या आधी नवरीचा बाप रडायचा.

त्या वर्षी गणपती विसर्जनाच्या आधी गावात तणातणी होती. कुठल्याशा जागेवर कुणी पाटी रोवली, कुणी ती उपटली, असलंच काहीतरी. म्हणून शांतता समितीची बैठक झाली आणि ठरलं ते असं: मिरवणूक तांबोळी मशिदीशी आली की फौजदार शिट्टी मारतील, वाद्यं बंद. पुढं वाचनालयाशी दुसरी शिट्टी, वाद्यं सुरू. सोपी गोष्ट. मीच मास्तरांच्या घरी जाऊन ती सांगितली होती. मास्तर कानशीवर सुरी घासत होते. मास्तर जातीचे शिकलगार, धार लावणं हा पिढीजात धंदा. “बरं बरं,” म्हणाले होते.

आम्ही मशिदीसमोर आलो. शिट्टी झाली. मी ढोलाचं टिपरू वर उचललेलं तसंच धरलं. कॉर्नेटवाला थांबला, साईड ड्रमवाला थांबला. आणि आमच्यातलं एकटं क्लॅरोनेट वाजत राहिलं, मागं लांबवर लेझमीच्या हलग्या. मास्तर आमच्याकडं पाठ करून, डोळे मिटून, तान ओढत होते.  मशिदीच्या ओट्यावरून कुणीतरी ओरडलं, “अरे दस्तगीर, लाज सोडली काय?” इकडून एक पोरगं किंचाळलं, “वाजव मास्तर, वाजव!” मास्तर वाजवतच होते. मग एक दगड आला. कुठून आला हे आजवर कुणी सांगू शकलेलं नाही. त्यानंतर काय झालं ते सांगण्यात अर्थ नाही. गावातली पाच माणसं गेली. तांबोळी गल्ली जळाली, पेठेतली दुकानं जळाली.

मास्तरांना तिसऱ्या दिवशी घरातून उचललं. आम्हाला वाटलं, केस होईल, जामीन होईल. पण केसच नव्हती. जिल्ह्याहून हुकूम आला होता रासुकाखाली, म्हणजे राष्ट्रीय सुरक्षा कायद्याखाली. वकील म्हणाला, “यात खटला नसतो. गुन्हा केला म्हणून नाही धरलं, पुढं करतील म्हणून धरलंय. सरकारला वाटलं तर वर्षभर.” हुकुमात लिहिलं होतं की सदर इसमानं दोन जमातींत तेढ यावी या हेतूनं मुद्दाम वाद्य चालू ठेवलं.

कुणाच्या बाजूनं ते मात्र कुणी लिहिलं नव्हतं. पेठेत लोक म्हणायचे, “शिट्टीनंतर एकट्यानं वाजवायचं ही खूण होती. मशिदीतली माणसं त्या खुणेवर बाहेर आली.” मोहल्ल्यात म्हणायचे, “फितूर झाला. त्यांच्याकडून खाल्लं आणि आमच्या दारात वाजवलं.” एकच माणूस एकाच वेळी दोन्हीकडून फितूर कसा, हे मी विचारून बघितलं. त्यावर दोन्हीकडून उत्तर एकच आलं: “तूच त्याच्या मागं होतास, तूच सांग.”

मी काय सांगणार? मला स्वतःलाच कोडं पडलं होतं. शिट्टी कानात बसली होती. मास्तर म्हणत होते, शिट्टी झालीच नाही. हा माणूस कधी खोटं बोलला नव्हता. उशिरा आलो तर एक शब्द न बोलता त्या दिवशीच्या सुपारीच्या पैशातली माझी पुरी वाटणी हातावर ठेवायचा आणि मान फिरवायचा, एवढाच त्याचा राग. मग हे काय चाललंय? भीतीनं बोलतोय? कुणाला वाचवतोय? रात्र रात्र विचार केला. कधी वाटायचं, गाव म्हणतंय त्यात काही असेल का? आणि असं वाटलं की स्वतःचीच शिसारी यायची.

मग मुंबईहून बोलावणं आलं. तीन साहेबांचं सल्लागार मंडळ बसणार होतं. पुरेसं कारण नाही असं त्यांनी म्हटलं तर सुटका, नाहीतर वर्षभर आत. वकिलानं सांगितलं, “तिथं वकील चालत नाही. पण मित्र चालतो. वकील नसलेला एक मित्र सोबत नेता येतो.”

भाभी माझ्या घरी आल्या. मोहल्ल्यातलं कुणी यायला तयार नव्हतं. “शिरपा, तू चल,” म्हणाल्या. “तुला लिहिता वाचता येतं, चार साहेबांसमोर बोलता येतं.” आणि उंबऱ्यातून उतरताना थांबून म्हणाल्या, “माणूस चांगला आहे एवढंच सांग. जास्तीचं काही बोलू नको.”

मला वाटलं, बाईमाणूस घाबरलंय.

मंडळाची खोली म्हणजे जुन्या इमारतीतला लांबट दालन होतं. भिंतीवर घड्याळ, टेबलावर हिरवं कापड, खिडकीबाहेर रहदारीचा आवाज. मास्तरांना दोन पोलिसांनी आणून खुर्चीत बसवलं. दाढी वाढली होती, सदरा ढगळ झाला होता. मला बघून ते हसले. मी त्यांच्या बाजूच्या स्टुलावर बसलो. भाभींना बाहेरच थांबवलं होतं.

मधे बसलेले साहेब वयस्कर होते, निवृत्त न्यायाधीश. चष्मा काढून, सरळ मास्तरांकडं बघून त्यांनी विचारलं, “नाव काय तुमचं?”

“दस्तगीर बाबालाल शिकलगार.”

“काय करता?”

“बँड आहे साहेब. क्लॅरोनेट वाजवतो.”

मग डावीकडच्या साहेबांनी कागद पुढं ओढला आणि त्यातच मान घालून विचारलं, “मशिदीसमोर वाद्य बंद करायचं ठरलंय, हे तुम्हाला कुणी सांगितलं होतं?”

मास्तर म्हणाले, “होय साहेब, लहानपणापासून.”

साहेबांनी भुवया वर केल्या. पुन्हा कागदात बघून म्हणाले, “कुणाच्या सांगण्यावरून तुम्ही वाजवत राहिलात?”

“वडिलांनी शिकवलं, साहेब. तेही वाजवायचे.”

उजवीकडचे साहेब हसले. ते हसू चांगलं नव्हतं. बेरकी माणूस आहे, प्रश्न टोलवतोय, असं त्यांना वाटलं हे मला दिसत होतं. खरं सांगायचं तर मलाही तेच वाटलं. मी मनात म्हणालो, मास्तर, का असं करताय? सरळ सांगा ना काय असेल ते.

मधल्या साहेबांनी टेबलावर बोटं टेकवली. पुढं वाकून, एकेक शब्द सुटा करून म्हणाले, “मास्तर, इकडं बघा. सरळ उत्तर द्या. शिट्टी ऐकलीत की नाही?”

“शिट्टी झालीच नाही, साहेब,” मास्तर ताडकन म्हणाले. “झाली असती तर मी थांबलो असतो. अल्लाची शपथ. आम्ही सगळेच वाजवत होतो.”

“पण तुमचेच साथीदार म्हणतात की ते थांबले,” डावीकडचे पुटपुटले आणि पान उलटलं.

मास्तरांनी नम्रपणे मान डोलावली. “मेहेरबानी, साहेब.”

मेहेरबानी कशाची?

मी वळून मास्तरांकडं बघितलं. ते डावीकडच्या साहेबांकडं बघत होते, पण डोळ्यांकडं नाही. कागदाच्या मागं गेलेल्या तोंडाकडं. शोधल्यासारखे. मग त्यांची नजर झटकन मधल्या साहेबांच्या ओठांवर आली आणि तिथं थांबली. ती नजर माझ्या ओळखीची होती. तालमीला बसलो की मास्तर तशीच नजर आमच्या हातांवर लावायचे. कॉर्नेटवाल्याची बोटं, माझं टिपरू, पुन्हा बोटं. आम्ही म्हणायचो, मास्तरांचं लक्ष बघा कसं एकेका बोटावर असतं.

मी मागचे प्रश्न एकेक आठवले. समोर मान वर करून विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला मास्तरांनी बरोबर उत्तर दिलं होतं. मान खाली घालून विचारलेलं एकही त्यांच्यापर्यंत पोचलं नव्हतं.

आणि मिरवणुकीत ते सगळ्यांच्या पुढं चालतात. आमच्याकडं पाठ करून.

“मित्र म्हणून आलेले तुम्हीच ना?” मधले साहेब मला म्हणाले. “तुम्हाला काही सांगायचंय?”

मी उठलो. मास्तर माझ्याकडं बघत होते, शाळेत पोराच्या बक्षिसाला आलेला बाप बघतो तसे. मी बोललो तर त्यांना कळणार होतं. त्यांच्या देखत मी हे कसं बोलू? आणि न बोलून कसं चालेल? मी दोन पावलं पुढं गेलो, टेबलाच्या कडेला लागलो आणि मास्तरांकडं पूर्ण पाठ केली.

“साहेब,” मी म्हणालो, “यांना ऐकू येत नाही.”

मधल्या साहेबांनी मान वर केली.

“काय म्हणालात?”

“बहिरे आहेत, साहेब. शिट्टी झाली. मी ऐकली. यांना नाही ऐकू आली. म्हणून हे म्हणतात झालीच नाही. खोटं नाही बोलत ते.”

उजवीकडचे साहेब पुढं सरकले. “बहिरा माणूस बँड चालवतो?”

“आमच्या बोटांकडं बघून चालवतात. आणि स्वतःचं वाद्य दातांत कळतं, साहेब. ढोल छातीत कळतो.”

“मग त्या दिवशी तुमचा ढोल थांबला, ते छातीत कळलं नाही?”

प्रश्न बरोबर होता.  मग आठवलं. “आमच्या मागं लेझीमवाली पोरं होती, साहेब. ती वळणाच्या पलीकडं होती, त्यांना शिट्टी पोचली नाही. त्यांच्या हलग्या चालूच होत्या, त्यांचाच हादरा यांना लागत असणार.”

“हे तुम्ही अर्जात लिहिलं का नाही?”

“मला आत्ता कळलं, साहेब. इथं, या स्टुलावर बसल्यावर.”

तिघांनी एकमेकांकडं बघितलं. डावीकडच्या साहेबांनी हातातला कागद उचलला, तोंडासमोर धरला आणि मोठ्यानं, अगदी स्पष्ट म्हणाले, “दस्तगीर, तुमच्या घराला आग लागली आहे.”

मी मागं वळून बघितलं. मास्तर हात मांडीवर ठेवून अदबीनं बसले होते. मला वळलेलं बघून त्यांनी हलकेच मान हलवली, छान बोलतोयस, असं म्हटल्यासारखी.

“पुरे,” मधले साहेब म्हणाले. त्यांनी चष्मा घातला आणि समोरचे कागद मिटले.

बाहेर पोलीस मास्तरांना घेऊन निघाले तेव्हा मास्तरांनी माझा हात धरला. “काय सांगितलंस रे एवढं?”

मी तोंड त्यांच्यासमोर आणून म्हणालो, “तुम्ही चांगले वाजवता म्हणून सांगितलं.”

“हां,” ते म्हणाले. पण माझ्या ओठांवरची नजर काढायला त्यांनी जरा वेळच लावला.

भाभी बाकड्यावर बसल्या होत्या. मी म्हणालो, “भाभी, तुम्हाला ठाऊक होतं.”

“नवऱ्याला ऐकू येत नाही हे बायकोला ठाऊक नसंल होय रं?” त्या म्हणाल्या. “पाच सहा वर्षं झाली. दारावर कुणी आलं तर मी त्यांच्या गुडघ्याला हात लावते.”

“मग आधीच का नाही बोलला? कधीच सुटले असते!”

“वरीसभर आत राहिले तर वरसानं येतील. बहिरा मास्तर म्हणून बाहेर आले तर येऊन करणार काय? कोण बोलावणार?” मग त्यांनी माझ्याकडं निरखून बघितलं. “तू बोललास आत.”

“बोललो.”

“त्यांच्या देखत?”

“पाठ करून.”

त्यांनी डोळ्यांना पदर लावला. रागावल्या की बरं वाटलं, ते मला आजही सांगता येणार नाही. एवढंच म्हणाल्या, “गावात बोलू नको. आमच्या दोघांच्या माघारी काय ते कर.”

सुटकेचा हुकूम काही आठवड्यांत आला. त्यात कारण नव्हतं. पुरेसं कारण आढळत नाही, सोडावं, एवढंच. जसं खटल्याशिवाय नेलं तसं कारण न सांगता सोडलं. गावाला ते पुरलं. पेठेतले म्हणाले, वरपर्यंत हात पोचलेत. मोहल्ल्यातले म्हणाले, बघा, सरकारचाच माणूस होता, म्हणून सुटला.

मास्तर मात्र खूश होते. मी भेटायला गेलो तर दारातच म्हणाले, “बघ शिरपा, खरं बोललं की माणूस सुटतो. शिट्टी झाली नाही हे साहेबांना पटलं.”

“होय मास्तर,” मी म्हणालो. नीट समोर उभं राहून, त्यांना दिसेल असं.

पुढं जो भेटेल त्याला ते हेच सांगत राहिले. बँड पुन्हा जमला नाही. एक दोन हंगाम बाहेरगावच्या सुपाऱ्या मिळाल्या, मग त्याही थांबल्या. मास्तर सुऱ्या, कात्र्या, कोयते यांना धार लावून देत. दुपारी घरात क्लॅरोनेट वाजवत. रस्त्यानं जाणारी माणसं पावलं जलद टाकत. आधी ते गेले, मागून काही वर्षांनी भाभी गेल्या.

गेल्या वर्षी कॉलेजच्या एका प्राध्यापिकेनं वाचनालयाच्या वरच्या सभागृहात बैठक ठेवली. दंगल बघितलेली जी माणसं उरलीत त्यांचं बोलणं टिपून ठेवायचं होतं. वीसेक म्हातारे जमलो. पेठेतले एका बाजूला बसले, मोहल्ल्यातले दुसऱ्या. एवढ्या वर्षांनीसुद्धा कुणी न सांगता.

एकेकजण बोलायला लागला आणि माझं डोकं फिरायची वेळ आली. निम्मे लोक छातीवर हात ठेवून सांगत होते की शिट्टी झालीच नव्हती, पोलिसांनीच घात केला. मास्तर जे सांगत फिरायचे ते यांच्या डोळ्यांनी बघितलेलं झालं होतं! कुणी म्हणालं, क्लॅरोनेट नव्हतंच, सनई होती. एकजण त्या दिवशी पुण्याला होता हे मला पक्कं माहीत होतं. तोही सांगत होता, दगड कुणी मारला ते.

माझी पाळी आली तेव्हा मी उठलो आणि सगळं सांगितलं. शिट्टी झाली होती. मास्तर बहिरे होते. साहेबांसमोर काय झालं, कागद तोंडासमोर धरून काय विचारलं, तेही सांगितलं. प्राध्यापिकाबाई लिहायच्या थांबल्या.

पेठेतले यशवंतराव तवटे उठले. त्यांचा थोरला भाऊ त्या दंगलीत गेला. “काहीतरीच काय सांगतोस श्रीपती? माझ्या लग्नात वाजवलं त्यानं. मी मांडवाच्या त्या टोकाहून गाणं सांगितलं, लगेच धरलं. बहिरा कुठला? मुंगीचं चालणं ऐकायचा तो!”

“अगदी बरोबर,” पलीकडून इस्माईल तांबोळी म्हणाले. त्यांचं घर जळालं होतं, आई धुरात गुदमरून गेली होती. ते कधी पेठेतल्या माणसाशी बोललेले मी बघितले नव्हते. “ओट्यावरनं हाक मारणारा मीच होतो. त्यानं ऐकलं होतं. हाक मारल्यावर मान हलवली त्यानं. मी बघितलं.”

“हलवली ना?” तवटे म्हणाले. “तेच म्हणतोय मी. सगळं ऐकून सवरून केलं.”

“सगळं ऐकून सवरून,” तांबोळी म्हणाले.

दोन्हीकडच्या माना हलायला लागल्या. त्या दंगलीबद्दल आमच्या गावाचं एकमत झालेलं मी पहिल्यांदाच बघत होतो. मी “अहो पण” म्हणालो, ते माझं मलाच ऐकू आलं नाही.

बैठक संपली. जिना अरुंद आणि उभा आहे. तांबोळींना गुडघ्याचा त्रास, ते वरच्या पायरीवर अडखळून उभे राहिले. तवटेंनी खांदा पुढं केला. तांबोळींनी क्षणभर विचार केला आणि त्या खांद्यावर हात ठेवला. दोघं एकेक पायरी उतरत, मास्तरांनी त्या दिवशी मान कशी हलवली ते एकमेकांना करून दाखवत खाली गेले. मी वरच उभा राहिलो. त्यांना थांबवावं की जाऊ द्यावं, ते मला कळेना.